घाणा, ताट आणि पेटी : बेने इस्राईल समाजाच्या धर्मवस्तू व त्यांच्या अभ्यासाची दृष्टी

ज्यू धर्मवस्तूंकडे कलावस्तू म्हणून पाहण्याची दृष्टी युरोपातील प्रदर्शनांतून घडली. १८७८ मध्ये पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात इझाक स्ट्रॉस या संगीतकाराचा खासगी संग्रह लोकांसमोर आला आणि पुढे तो क्लूनी संग्रहालयात गेला. १८८७ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये अँग्लो-ज्यूइश ऐतिहासिक प्रदर्शन भरले. १९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्यूइश म्युझियमचा प्रारंभ एका ग्रंथालयाला भेट मिळालेल्या मोजक्या वस्तूंपासून झाला. या प्रदर्शनांच्या मांडणीतून वस्तूंची एक उतरंड रूढ झाली. सर्वांत वर तोराची गुंडाळी, तिचा मुकुट, तिचे आवरण आणि वाचनासाठी वापरायची चांदीची दर्शनी. त्याखाली पवित्र कपाट आणि त्याचा पडदा. त्याखाली शब्बाथचा पेला, दिवे, सुगंधी मसाल्याची डबी, हनुक्काचा दीप. घरगुती प्रथांना या उतरंडीत शेवटची पायरी मिळाली, आणि चांदीला पितळेच्या वरचे स्थान मिळाले.

कोकणातील मराठी भाषक ज्यूंच्या, म्हणजे बेने इस्राईल समाजाच्या, वस्तू या उतरंडीत फार उशिरा आल्या. ऑर्पा स्लापाक यांनी संपादित केलेला व जेरुसलेमच्या इस्रायल म्युझियमने १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेला ग्रंथ आणि शाल्वा वाइल यांनी संपादित केलेला मार्ग प्रकाशनाचा २००२ मधील ग्रंथ, ही या विषयावरील दोन महत्त्वाची पुस्तके होत. दोन्ही इंग्रजीत आहेत. पहिल्याच्या शीर्षकातच तीन समाजांची कथा असा उल्लेख आहे आणि कोचीन, बेने इस्राईल व बगदादी या तिन्ही समाजांची एकत्र मांडणी हे त्याचे बळ आहे. मात्र हीच त्याची अडचणही आहे. कोचीनजवळ कोरीव लाकूडकाम व सुवर्णमुकुट आहेत, बगदाद्यांजवळ ससून घराण्याचे वैभव आहे. या दोहोंच्या मध्ये कोकणच्या तेल्याचे ताट ठेवले की ते साहजिकच फिके दिसते. ते फिके दिसावे अशी कोणाची इच्छा नसते. मोजपट्टीच निराळ्या मालासाठी बनलेली असते, एवढेच.

प्रस्तुत लेखाचा रोख या मोजपट्टीकडे आहे.

ज्यू धर्मशास्त्राची स्वतःची मोजपट्टी संग्रहालयाच्या मोजपट्टीहून वेगळी आहे, हे प्रथम लक्षात घ्यावे लागते. तालमुदाच्या मगिला या प्रकरणात वस्तूंचे दोन वर्ग केलेले आढळतात. तोराची गुंडाळी, तिची पेटी, तिचे वेष्टन अशा वस्तू पावित्र्याच्या सेवेतील होत. जीर्ण झाल्यावर त्या टाकता येत नाहीत, जपून ठेवाव्या किंवा पुराव्या लागतात. मेंढ्याच्या शिंगाचे शोफार, सुक्काचा मांडव, वस्त्राचे धार्मिक गोंडे अशा वस्तू आज्ञापालनाच्या सेवेतील होत. काम संपल्यावर त्यांना वेगळे पावित्र्य उरत नाही. शब्बाथविषयक प्रकरणात आणखी एक तत्त्व येते. आज्ञा पाळायचीच तर ती देखण्या साधनाने पाळावी, असा त्याचा आशय. चांदीचे पेले, नक्षीचे मुकुट, जरीचे पडदे यांचा सारा इतिहास या एका तत्त्वाच्या आधारावर उभा आहे. मूर्ती व प्रतिमा यांचा निषेध करणाऱ्या धर्माने आपली सौंदर्यदृष्टी साधनांत ओतली, हे विधान आता सर्वमान्य आहे. पण या शास्त्राने वस्तूचे सौंदर्य ही तिच्या पावित्र्याची अट कधीच मानली नाही. साध्या मडक्यातले पाणीही विधीला चालते. संग्रहालयाला ते चालत नाही.

बेने इस्राईलांचा इतिहास या दोन्ही मोजपट्ट्यांना अडचणीत आणतो. परंपरा सांगते ती अशी : अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, आणि त्यांच्याजवळचे ग्रंथ समुद्राने नेले. ही कथा इतिहास म्हणून सिद्ध झालेली नाही. परंतु तिच्यातील एक तपशील वस्तुस्थितीशी जुळतो. अठराव्या शतकापर्यंत या समाजाजवळ तोराची गुंडाळी नव्हती, सिनेगॉग नव्हते, हिब्रू ग्रंथ नव्हता. सुंता, शब्बाथ, आहारातील काही निषेध, शमा ही प्रार्थना आणि काही उपवास एवढ्यावर त्यांचे ज्यूपण शतकानुशतके टिकले. धर्मवस्तूंच्या उतरंडीत जी वस्तू सर्वांत वर, तीच येथे नव्हती. मग कोणत्या वस्तू होत्या?

याचे पहिले उत्तर त्यांच्या लोकनामात आहे. कोकणात त्यांना शनवार तेली म्हणत. तेल गाळणे हा धंदा आणि शनिवारी घाणा बंद ठेवणे ही त्यांची ओळख. सोमवारी घाणा बंद ठेवणारे तेली शेजारी होतेच, त्यामुळे गावाला हा भेद सहज कळत होता. शनिवारचा थांबलेला घाणा ही या समाजाची आद्य धर्मवस्तू म्हणावी लागेल. यावर आक्षेप संभवतो की घाण्याच्या घडणीत धर्माचे काहीच नाही. त्याची लाट, त्याचे उखळ, त्याला जुंपलेला बैल हे सारे इतर कोणत्याही घाण्यासारखेच. आक्षेप खरा आहे. शब्बाथची आज्ञा मात्र करण्याची नसून थांबण्याची आहे, आणि थांबण्यासाठी चालणारी वस्तू लागते. आकाराने वेगळी नसलेली पण सातव्या दिवशी वेगळी होणारी वस्तू हा धर्मवस्तूचा एक स्वतंत्र प्रकार आहे. त्याला कोणत्याही सूचीत घर नाही, कारण सूची वस्तूचे रूप नोंदवते, तिचा वार नोंदवत नाही.

दुसरे उत्तर त्यांच्या सणांच्या जुन्या मराठी नावांत सापडते. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी १८९७ मध्ये लिहून पूर्ण केलेला आणि १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झालेला समाजाचा इतिहास हा या नावांचा मुख्य आधार. पेसाहला कोकणात अनाशी ढाकाचा सण म्हणत. अनास म्हणजे आंबट कालवण साठवण्याचे मातीचे भांडे. सणाच्या दिवसांत ते झाकून ठेवायचे. आंबवलेल्या पदार्थाचा निषेध हा पेसाहचा गाभा. इजिप्तमधून निघण्याची कथा, ती वाचण्याचा ग्रंथ, बेखमीर भाकरीमागील कारण, यांतले फारसे काही हाती नसताना या समाजाने त्या निषेधाला एका झाकलेल्या मडक्यात जपले. योम किप्पुरला दारफाळणीचा सण म्हणत, कारण त्या दिवशी दारे लावून घरात राहायचे. वालाच्या बिरड्यावरून बिरड्याचा सण, खिरीवरून खिरीचा सण, नव्या वर्षाचा तो नव्याचा सण, आणि दारफाळणीच्या दुसऱ्या दिवशीचा शिळा सण. ही दिनदर्शिका मडके, दार, डाळ आणि दूध यांची आहे. हिब्रू नावे विसरली गेली तेव्हा स्वयंपाकघराने सणांना नावे पुरवली. ज्या भाषेने हे केले ती मराठी होती, ही गोष्ट इंग्रजी ग्रंथांत एखाद्या तळटीपेपुरती उरते. मराठीच्या अभ्यासकाला ती तळटीपेत सोडता येणार नाही.

अनाशीचे भांडे कोणत्या घाटाचे होते, त्याचे झाकण मातीचे की लाकडाचे, हे प्रश्न आता विचारायला हवेत. मातीचे भांडे फुटते आणि फुटलेले भांडे संग्रहाला नको असते. शेजारच्या कुंभाराने केलेली तीच वस्तू शेजारच्या आगरी घरातही असणार. या वस्तूचे ज्यूपण झाकण्याच्या क्रियेत होते. ती क्रिया संपली की ते पुन्हा कालवणाचे मडके.

हीच गोष्ट मलिद्याच्या ताटाला अधिक ठळकपणे लागू पडते, आणि या समाजाच्या धर्मवस्तूंपैकी सर्वांत महत्त्वाची वस्तू कोणती असे विचारले तर उत्तर हे ताटच द्यावे लागते. मलिदा हा एलियाहू हन्नाबी, म्हणजे प्रेषित एलिया, याच्या नावाने केला जाणारा विधी. नवस फेडताना, लग्नाआधी, नव्या घरात प्रवेश करताना, प्रवासाला निघताना किंवा सुखरूप परतल्यावर तो होतो. भिजवलेले पोहे, गूळ किंवा साखर, ओल्या नारळाचा चव, वेलची, सुकामेवा यांचा ढीग मोठ्या ताटात करतात. त्याभोवती फळे मांडतात, पाच प्रकारची किंवा सात. जवळ गुलाबाचे फूल किंवा सुवासिक पाला असतो. एलियाची स्तुती गाइली जाते आणि मग एकेका पदार्थावर त्याचा त्याचा आशीर्वाद म्हटला जातो. झाडाच्या फळाचा आशीर्वाद वेगळा, जमिनीतून येणाऱ्याचा वेगळा, सुगंधाचा वेगळा. केळे झाडाला लागते असे आपल्याला वाटते, पण ज्यू शास्त्रात ते भूमीच्या फळांत मोडते, कारण केळीचे खोड दरवर्षी नव्याने उगवते. म्हणून त्याचा आशीर्वाद खजुराच्या आशीर्वादाहून निराळा. ताटातील फळांची निवड अशा रीतीने आशीर्वादांच्या व्याकरणाला अनुसरून होते. शोभेसाठी रचलेले दिसणारे हे ताट वस्तुतः एक वर्गीकरण आहे.

भंडाऱ्यासारख्या धानाच्या जिल्ह्यात पोह्याचे महत्त्व समजावून सांगण्याची गरज नाही. भात हेच मुख्य अन्न असलेल्या प्रदेशात धर्माने भातालाच अर्पणाचा मान द्यावा हे स्वाभाविक होय. बायबलमधील धान्यार्पण गव्हाच्या पिठाचे होते. कोकणात त्याच्या जागी पोहे आले. केहीमकरांचा कल मलिद्यासारख्या प्रथांचे नाते प्राचीन अर्पणविधींशी जोडण्याचा आहे. तो समजण्याजोगाही आहे. ज्या समाजाच्या ज्यूपणाविषयी बाहेरचे लोक शंका घेत होते त्याच्या इतिहासकाराला जुने पुरावे हवे होते. पण मलिदा हा शब्द फारसीतील, चोळणे-मळणे या अर्थाच्या धातूपासून आलेला. हाच शब्द आणि याच धर्तीचा पदार्थ महाराष्ट्रातील मुसलमानांच्या फातिहात व दर्ग्यावरच्या नियाजात आहे. पश्चिम आशियाच्या लोकश्रद्धेत एलिया आणि ख्वाजा खिज्र या दोघांची सांगड फार जुनी आहे. कोकणच्या किनाऱ्यावर मुसलमान खलाशी, हिंदू शेतकरी व ज्यू तेली एकमेकांच्या नवसांना साक्षी असत. अशा ठिकाणी मलिद्याचा एकच उगम शोधण्याचा हट्ट फारसा फलदायी ठरत नाही. (मराठीने पुढे या शब्दाला चिरीमिरीचा अर्थ चिकटवला, ही त्या पवित्र पदार्थाची शोकांतिकाच म्हणायची.)

अलिबागजवळील खंडाळे येथे एका खडकावर एलियाच्या रथाच्या चाकांच्या खुणा आहेत अशी श्रद्धा असून तेथे नवस फेडायला लोक जातात. एलियाचे रथारूढ चित्र अनेक बेने इस्राईल घरांत भिंतीवर असते. प्रतिमानिषेध मानणाऱ्या धर्मात हे कसे, असा प्रश्न अभ्यासक विचारतात आणि उत्तर म्हणून शेजारच्या देवघराकडे बोट दाखवतात. हे उत्तर अपुरे आहे. त्या चित्राची पूजा होत नाही, त्याला नैवेद्य दाखवला जात नाही. आशीर्वाद ईश्वराला उद्देशून असतो आणि मलिदा माणसे खातात. ते चित्र ताटाच्या बाजूचे साक्षीदार आहे. भिंतीवरचे चित्र हे रूप शेजाराचे आणि त्याचे काम ज्यू, असा हा मामला आहे.

येथे प्रभाव या शब्दाचा विचार करणे भाग आहे. बेने इस्राईलांच्या वस्तूंविषयी लिहिताना हिंदू प्रभाव, मुस्लिम प्रभाव, स्थानिक प्रभाव असे शब्द सर्रास येतात. मंगळसूत्र हिंदू प्रभाव, मेंदी मुस्लिम प्रभाव, ताट स्थानिक प्रभाव. या भाषेत एक मूळ शुद्ध ज्यू वस्तू गृहीत धरलेली असते आणि कोकणाने तिच्यावर लेप चढवला असे मानलेले असते. पण चांदीचा जर्मन पेला हा जर्मन सोनाराच्याच घाटाचा असतो. मध्य युरोपातील सुगंधी मसाल्याची डबी बहुधा मनोऱ्याच्या आकाराची असते, आणि तो मनोरा त्या शहरांच्या वास्तूतला. अनेक शहरांत ज्यूंना सोनारांच्या संघात प्रवेश नव्हता, त्यामुळे कित्येक नामांकित ज्यू धर्मवस्तू ख्रिस्ती कारागिरांच्या हातच्या आहेत. तेथे कोणी ख्रिस्ती प्रभाव असे म्हणून वस्तूचे मोल कमी करत नाही. तेथे त्याला शैली म्हणतात. युरोपात शैली आणि कोकणात प्रभाव, हा शब्दभेद निरागस नाही.

भंडाऱ्याच्या वाचकाला हे पटायला पितळेचे उदाहरण पुरेल. पितळी भांड्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या शहरात तांब्या, घंगाळ, परात, समई ही एकाच धातूची आणि एकाच हाताची भावंडे. देवघरात गेलेला तांब्या आणि न्हाणीघरात गेलेला तांब्या यांच्यात कारागीर फरक करत नाही. तो फरक घर करते. देवघरातल्या तांब्यावर न्हाणीघराचा प्रभाव आहे असे कोणी म्हणत नाही. कोकणातील ज्यू घराने बाजारातील परात घेतली आणि तिच्यावर आशीर्वादांचे पाच-सात प्रकार मांडले, तेव्हा ती परात त्या विधीपुरती ज्यू झाली.

अठराव्या शतकाच्या अखेरीपासून या समाजात लिखित धर्माचे पुनरागमन झाले आणि धर्मवस्तूंचा दुसरा अध्याय सुरू झाला. दावीद राहाबी या नावाशी जोडलेली शिकवणुकीची परंपरा, कोचीनहून आलेले शिक्षक, १८२९ मध्ये मुंबईत आलेले स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून प्रसिद्ध केलेले हिब्रू व्याकरण, अमेरिकन मिशनच्या कोकणातील शाळा, असे याचे अनेक धागे आहेत. १७९६ मध्ये सामाजी हसाजी दिवेकर यांनी मुंबईत मांडवी भागात शाआर हाराहमीम हे सिनेगॉग बांधले. ते कंपनी सरकारच्या पलटणीत होते. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटल्याबद्दल त्यांनी ते बांधले अशी आख्यायिका आहे. नवस फेडण्याची ही रीत मलिद्याच्या जगातलीच. फक्त येथे ताटाऐवजी इमारत आली. लोक या इमारतीला मशीद म्हणत, आणि मशीद बंदर या स्थानकाच्या नावाशी तिचे नाते सांगितले जाते. त्यानंतर रेवदंडा, अलिबाग, पनवेल, ठाणे, पुणे अशी सिनेगॉगची मालिका तयार झाली. अलिबागच्या मागेन आबोथची स्थापना १८४८ ची, सध्याची वास्तू १९१० ची; ठाण्याचे शाआर हाशामाइम १८७९ चे; पुण्याचे सुक्काथ शलोमो १९२१ चे.

या वास्तूंतली प्रमुख वस्तू म्हणजे तोराची पेटी, तिला हिब्रूत तीक म्हणतात. युरोपात तोराची गुंडाळी कापडी आवरणात असते. वाचताना आवरण काढून ती मेजावर आडवी ठेवतात. इराक, इराण, येमेन आणि कोचीन येथील ज्यूंमध्ये ती लाकडी पेटीत असते. पेटी उभी, बिजागरीने दोन भागांत उघडणारी, वर कळसासारखे डाळिंबी तुरे असलेली. गुंडाळी पेटीतून बाहेर न काढता उभ्यानेच वाचतात. बेने इस्राईलांना गुंडाळ्या पूर्वेकडच्याच ज्यूंच्या द्वारे मिळाल्या, म्हणून त्यांच्यातही पेटीची पद्धत रुळली. घडणीच्या दृष्टीने पेटीचा एक गुण लक्षणीय आहे. दमट किनारपट्टीवर चर्मपत्राला लागणारा हात आणि हवा दोन्ही ती कमी करते. आवरण सोडा, गुंडाळी काढा, पुन्हा बांधा ही सारी हाताळणी टळते. मराठी घरात पोथी बासनात बांधून ठेवण्याची रीत आहे. तिच्या तुलनेत ही पेटी म्हणजे पोथीसाठी केलेले उभे देवघरच. ज्या समाजाची ग्रंथाविषयीची मूळ आठवण ग्रंथ समुद्रात बुडाल्याची आहे, त्याने ग्रंथ मिळाल्यावर तो लाकडात बंद करून ठेवावा यात एक संगती जाणवते. हा योगायोगच असू शकतो, कारण पेटी त्यांनी निवडली नाही, ती गुंडाळीबरोबर आली.

पवित्र कपाट जेरुसलेमच्या दिशेला, म्हणजे आपल्याकडे पश्चिमेला. वाचनाचा चौथरा मधोमध, कठड्याने वेढलेला. वर तेलाच्या काचपात्रांचे टांगते दिवे. काचपात्रात तळाशी पाणी आणि वर तेल, त्यात वात. एके काळच्या तेल्यांच्या सिनेगॉगमध्ये तेलाचा दिवा असणे हे संग्रहालयाच्या टिपणात येत नाही, येऊ नये असेही नाही. सुंतेच्या वेळी वापरायची एलियाची खुर्चीही येथेच असते. म्हणजे पोह्याच्या ताटासमोर घरी ज्याला बोलावले जाते त्यालाच सिनेगॉगमध्ये आसन दिलेले आहे. घर आणि सिनेगॉग यांना जोडणारी व्यक्तिरेखा मोझेस नाही, एलिया आहे. स्वतंत्र प्रबंधाचा विषय व्हावा असे हे निरीक्षण आहे.

पुनरागमनाच्या या काळातली सर्वांत बोलकी वस्तू मात्र छापील आहे. पेसाहच्या रात्री वाचायचा हग्गादा हा ग्रंथ मराठी भाषांतरासह मुंबईत १८४६ मध्ये शिळाछापावर निघाला. १८७४ मध्ये पुण्यात मोझेस जेकब तळकर व अ‍ॅरन डॅनियल तळकर यांनी सचित्र हग्गादा प्रसिद्ध केला. तो विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यात छापला गेला. एका ब्राह्मणाच्या शिळाप्रेसवर हिब्रू व देवनागरी एकत्र उमटली, हे एकोणिसाव्या शतकातील पुण्याच्या मुद्रणव्यवहाराचे एक दुर्लक्षित पान आहे. योसेफ हाईम येरुशाल्मी यांनी १९७५ मध्ये हग्गादाच्या छापील आवृत्त्यांचा जो मोठा चित्रग्रंथ सिद्ध केला त्यात या पुणे आवृत्तीला स्थान मिळाले. तिच्यातील एका चित्रात साडी नेसलेल्या स्त्रिया बसून बेखमीर भाकरी करताना दाखवल्या आहेत. बाकीच्या चित्रांवर युरोपीय हग्गादांची छाप दिसते. चित्रकाराने विधीची चित्रे परक्या पुस्तकातून घेतली आणि कामाचे चित्र डोळ्यांसमोरून घेतले. भाकरी करणाऱ्या बाईला युरोपीय झगा घालणे त्याला जमले नसावे किंवा पटले नसावे. कसेही असो, अनाशीचे मडके झाकणारी स्त्री तिच्या नातीच्या रूपाने या पुस्तकात पहिल्यांदा कागदावर आली. आधी निनावी असलेले स्वयंपाकघर येथे ग्रंथाच्या आत शिरले आहे. या चित्राचे मोल कोणत्याही चांदीच्या मुकुटाहून कमी मानता येत नाही.

पेसाहच्याच संदर्भात, मेंढीच्या किंवा बकऱ्याच्या रक्तात बुडवलेल्या हाताचा ठसा दारावर किंवा कागदावर उमटवून चौकटीशी लावण्याची प्रथाही या समाजात नोंदली गेली आहे. चौकटीवरील मझुझा लिहायला लेखक लागतो. ठशाला फक्त हात लागतो.

हनुक्काच्या दीपाविषयी थोडक्यात सांगता येईल. हा सण पूर्वी या समाजाला ठाऊकच नव्हता. तो एकोणिसाव्या शतकात शिकवणुकीबरोबर आला. त्यामुळे भारतातील पितळी हनुक्का दीप, ज्यांवर सहा टोकांचा तारा आणि तेलाच्या पेल्यांसाठी कड्या असतात, ते तुलनेने अलीकडचे आहेत. संग्रहालयांत मात्र हेच दीप मोठ्या आवडीने मांडले जातात. कारण ते ओळखू येतात. भारतीय ज्यू धर्मवस्तू म्हणून जगाला दाखवली जाणारी वस्तू ही त्या समाजाच्या अगदी अलीकडच्या स्मृतीतली, आणि ज्या वस्तूंनी त्याला तारले त्या दालनाबाहेर, अशी ही उलटापालट आहे.

या चर्चेला आता निकड आली आहे ती स्थलांतरामुळे. १९४८ नंतर बहुसंख्य बेने इस्राईल इस्रायलला गेले. तेथे त्यांच्या ज्यूपणाविषयी शंका घेतल्या गेल्या आणि १९६४ मध्ये त्यांना पूर्ण ज्यू म्हणून मान्यता मिळाली. महाराष्ट्रात उरलेला समाज आता काही हजारांचा असून राज्य शासनाने २०१६ मध्ये त्याला अल्पसंख्याक दर्जा दिला. माणसे गेली तशा वस्तूही गेल्या. कोचीनच्या कडवुंभागम सिनेगॉगचा लाकडी अंतर्भाग १९९१ मध्ये विकत घेतला जाऊन इस्रायल म्युझियममध्ये उभा राहिला. मुंबईत फोर्टमधील क्नेसेथ एलियाहू या बगदादी सिनेगॉगचे जीर्णोद्धारकाम २०१९ मध्ये पूर्ण झाले. ही दोन्ही कामे स्तुत्य आहेत. दोन्हींत उद्धार झाला तो घडीव वस्तूचा आणि वास्तूचा, हेही तितकेच खरे. कोकणातील छोट्या सिनेगॉगची देखभाल प्रामुख्याने उरलेल्या मोजक्या कुटुंबांवर आहे. घरातील ताटाची काळजी घेणारी संस्था तर असूच शकत नाही.

सूचीकरणाचा प्रश्न त्याहून अवघड. संग्रहालयात वस्तू दाखल होताना तिचे नाव हिब्रूत व इंग्रजीत लिहिले जाते. तोराची पेटी तीक म्हणून नोंदली जाते, ते योग्यच; पण पेसाहच्या खाली अनाशी ढाकाचा सण हे नाव कोण लिहिणार? समाजाच्या कबरींवर हिब्रूच्या जोडीला मराठी अक्षरे आहेत, मराठीत कीर्तने झाली, हग्गादा मराठीत छापला गेला. ही सामग्री वाचू शकणारे अभ्यासक जेरुसलेममध्ये थोडे आणि महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. तरीही मराठी विभागांत लोकसाहित्याच्या नावाखाली जात्यावरची ओवी, गोंधळ, दंडार यांचा अभ्यास होतो आणि बेने इस्राईल हा विषय इतिहास विभागाकडे, तोही परदेशी संदर्भग्रंथांच्या भरवशावर, सोपवला जातो. स्लापाक व वाइल यांच्या ग्रंथांनी आपले काम केले. त्यांच्या प्रत्येक वस्तूच्या मराठी नावाची, ते नाव कोणत्या तालुक्यात कसे उच्चारले जाई याची, आणि त्या नावाची शेजारच्या आगरी, कोळी व कोकणी मुसलमानी बोलींतील भावंडे कोणती याची पडताळणी हे मराठीच्या अध्यापकांचे काम होते. ते झालेले नाही. अनाशी हा शब्द सांगू शकणाऱ्या पिढ्या मागे पडत आहेत.

इस्रायलमध्ये लोद, अश्दोद, दिमोना अशा गावांतून आजही मलिदा होतो, आणि मायबोली या नावाचे मराठी नियतकालिक तेथील बेने इस्राईलांनी चालवले. तेथील बाजारात मिळेल त्या थाळीत पोहे, नारळ आणि खजूर मांडले जातात. थाळी पितळेची असो वा स्टीलची, एलियाचे स्तोत्र झाले आणि आशीर्वाद संपले की ती धुऊन फडताळात जाते आणि दुसऱ्या दिवशी तिच्यात कणीक मळली जाते. तालमुदाच्या वर्गीकरणाप्रमाणे यात काहीच गैर नाही. तिला दाखल क्रमांक द्यायचा झाला तर तो कोणत्या दिवशी द्यायचा, एवढे मात्र सूचीकाराने ठरवून ठेवावे.